पुरस्कार देणाऱ्याने पाहिले काय?

१९८४ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, ग्रीली नावाच्या गावी, एका विद्यापीठाच्या बिझनेस कॉलेजाने आपले पदव्युत्तर अभ्यासक्रम बंद केले. कुणी बंद पाडले नव्हते. आपण पदवीचे शिक्षण नीट देऊ शकतो, मग तेवढेच देऊ, असे ठरवून त्यांनी ते आपणहून बंद केले. वीस वर्षांनी, २००४ मध्ये, नॉर्दर्न कोलोरॅडो विद्यापीठाच्या याच मॉनफोर्ट कॉलेज ऑफ बिझनेसला अमेरिकेचा राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार, म्हणजे माल्कम बाल्ड्रिज पुरस्कार, मिळाला. एखाद्या बिझनेस स्कूलला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

ही गोष्ट काढली ती आमच्या शेजारच्या मामांनी. ते खरे तर एकाच मुलीचे मामा, पण सगळी सोसायटी त्यांना मामाच म्हणते. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात त्यांची नोकरी झाली. पुढे दुसऱ्यांचे कारखाने तपासायलाही ते जात. टाटा समूहाने बाल्ड्रिजच्या धर्तीवर आपल्या कंपन्यांसाठी उत्कृष्टतेचे मोजमाप बसवले, तेव्हापासून ती भाषा या पट्ट्यात कँटीनपर्यंत पोचलेली आहे, आणि मामा तिच्यावर मनापासून विश्वास ठेवणारे. समोर त्यांची सख्खी भाची होती. ती पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात शिकवते, आणि विभागातर्फे जिथे जिथे पुरस्काराचे अर्ज करायचे असतात ते सगळे काम तिच्या गळ्यात आहे. साहजिकच पुरस्कारांवरचा तिचा विश्वास उडालेला. मी ऐकायला होतो. अधूनमधून बोललोही, पण ते फारसे कुणी मनावर घेतले नाही.

भाची : गोष्ट छान आहे मामा. पण आमच्याकडे अभ्यासक्रम बंद केला म्हणून कुणी हार घालत नाही, सुरू केला की घालतात. एम.बी.ए.ला ‘अ‍ॅनालिटिक्स’ जोडलं की नवोपक्रम, ‘एआय’ जोडलं की आणखी मोठा नवोपक्रम. शिकवणारा तोच, पीपीटीसुद्धा तीच, फक्त पहिली स्लाइड नवी.

मामा : म्हणून तर मॉनफोर्टचं सांगतोय. बाल्ड्रिजला तेव्हा हजार गुण असत, त्यातले साडेचारशे नुसत्या निकालांना. तुम्ही काय करता ते सांगून भागत नसे. त्यातून काय निघालं, किती वर्षं सलग निघालं, तुमच्यासारख्या इतरांच्या तुलनेत कसं निघालं, ते दाखवावं लागे. त्यांची मुलं ईटीएस नावाच्या संस्थेच्या, देशभर घेतल्या जाणाऱ्या परीक्षेत वरच्या दहा टक्क्यांत पोचली होती. ती परीक्षा कॉलेजनं काढलेली नव्हती, पेपर कॉलेजनं तपासले नव्हते. हा पुरावा.

भाची : माझा मेलबॉक्स दाखवू? ‘अभिनंदन! आपल्या संस्थेची निवड झाली आहे.’ कशावरून झाली? आम्ही तर अर्जच केला नव्हता. खाली वाचत गेलं की उलगडतं. समारंभ पंचतारांकित हॉटेलात, प्रत्येक प्रतिनिधीची फी वेगळी, ट्रॉफी घेताना पाहुण्यांबरोबर फोटो हवा तर त्याचं पॅकेज वेगळं, मासिकात दोन पानं हवी तर आणखी वेगळं. कॅटेगरी आपणच निवडायची. ‘सर्वोत्तम उदयोन्मुख बी-स्कूल, पश्चिम विभाग’ म्हटलं की शर्यतीत उरतो कोण?

मामा : ते पुरस्कार नव्हेत गं, जाहिरात झाली ती. जाहिरातीवर खर्च करायला माझी ना नाही. जाहिरात म्हणून छापा म्हणजे झालं.

भाची : तसं कोण छापतंय? आणि खासगी समारंभांचं सोडा. नॅक काही पुरस्कार देत नाही, मूल्यांकन करतं, पण कमानीवर श्रेणी पुरस्कारासारखीच मिरवली जाते ना? २०२५ च्या फेब्रुवारीत वाचलं असेल तुम्ही. आंध्रातल्या एका खासगी शिक्षणसंस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं नॅकच्या तपासणी समितीचे अध्यक्ष आणि सदस्य यांना अटक केली. रोकड, सोनं, लॅपटॉप, मोबाइल. आरोप सिद्ध व्हायचे ते होतील, पण त्यानंतर आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला धक्का बसल्याचं मला दिसलं नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

इथे वाचकांसाठी थोडे सांगायला हवे, कारण या प्रांतात मूल्यांकन, मानांकन आणि पुरस्कार यांची सरमिसळ फार. बिझनेस स्कूलांच्या जगात तीन अधिस्वीकृतींना मान आहे : १९१६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली एएसीएसबी, लंडनची अम्बा, आणि युरोपातल्या ईएफएमडीची १९९७ पासूनची ईक्विस. तिन्ही मिळाल्या की त्याला तिथले लोक ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात. आपल्याकडे हा मान पहिल्यांदा आयआयएम कोलकाताने मिळवला. या झाल्या तपासण्या. पुरस्कार त्याहून वेगळे. एएसीएसबी २०१६ पासून जगभरच्या स्कूलांमधले नवे प्रयोग निवडून प्रसिद्ध करते. ‘फायनान्शियल टाइम्स’ २०२२ पासून जबाबदार व्यवसायशिक्षणासाठी पुरस्कार देते. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठीय बिझनेस स्कूलांच्या अधिष्ठात्यांची परिषदही नवोपक्रम आणि उत्कृष्टतेसाठी पुरस्कार देते. या सगळ्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे. भाची तो अन्याय करत होती. तिची बाजू मला पटत होती तरीही करत होती, हे खरे.

मामा : मग या सगळ्या यादीत तुझ्या विभागाचं एकही काम दाखवण्याजोगं नाही?

भाची : आहे ना. ऐका. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पाच मुलांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांवर काम केलं. पाचही शेतकऱ्यांची मुलं. त्यांनी गावागावांतून पट्ट्या गोळा केल्या. माल विकल्यावर आडत्या शेतकऱ्याला हिशेबाचा कागद देतो ना, ती पट्टी. त्यांच्या लक्षात आलं, की हमाली, तोलाई, बारदान हे प्रत्येक आडत्या वेगळ्या रकान्यात, वेगळ्या नावानं लिहितो. त्यामुळे दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या तरी शेतकऱ्याला कळत नाही, की क्विंटलमागं हातात नक्की किती पडले आणि कुणाकडं जास्त पडले. पोरांनी एक पानी तक्ता केला, मराठीत, मोठ्या अक्षरात. पट्टीवरचे आकडे त्यात भरायचे, की खाली एकच आकडा निघतो. झालं, एवढंच. पहिल्या दिवशी एका आडत्यानं त्यांना हाकलून दिलं. महिनाभरानं त्यानंच वीस कोरे तक्ते मागवून घेतले, कारण शेतकरी ते घेऊनच दुकानात यायला लागले होते.

मामा : अगं, मग हाच की पुरस्कार!

भाची : थांबा ना. अर्जात रकाना होता, पुरावा म्हणून जिओटॅग केलेले पाच फोटो. पोरांनी फोटो काढलेच नव्हते. हळदीच्या धुरळ्यात नाकाला रुमाल बांधून आकडे उतरवत होती ती, फोटो कोण काढणार? मग आम्ही फ्लेक्स छापला. विद्यापीठाचं बोधचिन्ह, विभागाचं नाव, ‘नवोपक्रम’ हा शब्द लाल रंगात. सुटीच्या दिवशी यार्डात गेलो, कारण मुलांना त्याच दिवशी वेळ होता. दुकानांची शटरं बंद. बंद शटरसमोर फ्लेक्स धरून पाच मुलं हसतायत, असा फोटो पाठवला. अक्षांश-रेखांश अगदी बिनचूक. आणि त्याच फाइलमध्ये पुढच्या पानावर वृक्षारोपणाचा फोटो. गुण दोन्हींना सारखे.

मामा काही वेळ काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला. ते गप्प बसले की मुद्दा लागला असे समजायचे, हे मला इतक्या वर्षांच्या शेजारामुळे माहीत आहे.

मामा : यात पुरस्काराचा दोष नाही. जो यार्डात आला नाही त्याचा आहे. आम्ही तपासणीला जायचो तेव्हा पहिला दिवस प्रेझेंटेशनचा असायचा. ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, त्यांनी दिलेलं जेवण जेवायचं. खरी तपासणी रात्रपाळीला. साहेबलोक घरी गेले की लाइनवर जायचं आणि मशिनवरच्या माणसाला विचारायचं, ‘रिजेक्शन अचानक वाढलं तर तू काय करतोस?’ तो जर ‘साहेबांना फोन करतो’ म्हणाला, तर समजायचं भिंतीवरचे सगळे तक्ते पाहुण्यांसाठी टांगलेत. आणि तो जर स्वतः मशिन थांबवून शेवटचे नग बाजूला काढतो म्हणाला, तर प्रेझेंटेशन कितीही गचाळ असो, आम्ही गुण द्यायचो. तुमच्या पोरांकडं कुणी आलं असतं, त्या आडत्याला दोन प्रश्न विचारले असते, तर फोटोची गरजच नव्हती.

भाची : पण मशिनचं रिजेक्शन संध्याकाळी मोजता येतं. माझा विद्यार्थी चांगला व्यवस्थापक झाला की नाही हे पंधरा वर्षांनी कळणार. तोवर तपासणारा काय मोजणार? पहिल्या पगाराचं पॅकेज. मग आम्ही पॅकेजच्या मागं धावतो. आता बघा, मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था. १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या मदतीनं सुरू झाली. खासगी संस्थांच्या तुलनेत फी किती कमी! उदय कोटक तिथले. तिचं नाव झालं ते माजी विद्यार्थ्यांमुळे झालं, ट्रॉफ्यांमुळे नाही. चर्चगेटच्या त्या इमारतीत काय आहे ते उद्योगांना माहीत आहे.

मामा : इथं तू फसलीस. तिथं प्रवेश मिळतो तोच सीईटीला अगदी टोकाचे पर्सेंटाइल मिळवलेल्यांना. असली मुलं कुठंही घाल, चमकणारच. बजाजनं त्यांच्यात भर किती घातली? हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर अवघड आहे. माझ्या मते तुमच्या विभागानं, जिथं पन्नास-साठ पर्सेंटाइलची, मराठी माध्यमातली मुलं येतात, त्यांना दोन वर्षांत जिथं नेलं, ती भर जास्त असू शकते. नाव झालेल्यांना नावाची गरज नसते. पुरस्कार हवा तो तुझ्यासारख्यांना.

(भाची इथे पहिल्यांदा हसली. मामा तिला पटवत होते की चुचकारत होते, हे मला कळले नाही. बजाजवर मात्र थोडा अन्याय झाला. चांगली मुले एकत्र येऊन एकमेकांकडून शिकतात, ही भरही खरीच.)

भाची : बरं, तुमचं मान्य. पण माझा मूळ राग ‘नवोपक्रम’ या अटीवर आहे. दरवर्षी नवं काय? माझ्या विभागात एक सर आहेत, वर्षानुवर्षं कॉस्टिंग शिकवतात. खडू, फळा आणि स्वतः तयार केलेली उदाहरणं. त्यांच्या हाताखालून गेलेला मुलगा ताळेबंद वाचताना चुकत नाही. त्यांच्यासाठी एकाही अर्जात रकाना नाही. मुंबईचे डबेवाले घ्या. १८९० मध्ये महादू हावजी बच्चेंनी सुरू केलेली पद्धत. डब्यावर रंगीत खुणा, लोकल गाडी, सायकल, आणि ज्याची त्याची नेमून दिलेली वाट. हार्वर्डनं २०१० मध्ये त्यांच्यावर केस लिहिली. सगळ्या बिझनेस स्कूलांत ती शिकवतात, पण त्यांना कुणी इनोव्हेशन अवॉर्ड देईल का?

मामा : त्यांना सिक्स सिग्मा, म्हणजे जवळजवळ बिनचूक कामाचं प्रमाणपत्र, मिळालंय की!

भाची : नाही मिळालं. हेच तर सांगायचंय. ‘फोर्ब्ज’नं १९९८ मध्ये लेख छापला. तो लिहिणाऱ्या पत्रकारानं डबेवाल्यांच्या प्रमुखाला विचारलं, चूक किती वेळा होते? ते म्हणाले, जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांत एखादी. त्यानं भागाकार केला, येण्याजाण्याचे डबे धरून १ कोटी ६० लाखांत एक चूक. बस. सिक्स सिग्मा हा शब्दसुद्धा आपण वापरला नव्हता, ‘फोर्ब्ज’नं कसलंही प्रमाणपत्र दिलं नव्हतं, असं त्यानंच नंतर सांगितलं. पुढं कुणीतरी डबेवाल्यांच्या अध्यक्षांना एका परिषदेत विचारलं, तुम्ही सिक्स सिग्मा आहात का? त्यांना ते काय असतं माहीत नव्हतं. त्यात किती चुका चालतात तो आकडा सांगितल्यावर ते म्हणाले, मग आम्ही आहोत, ‘फोर्ब्ज’ला विचारा. तेव्हापासून निम्म्या एम.बी.ए. वर्गांत हे ‘सर्टिफिकेट’ शिकवलं जातंय. प्राध्यापकांनी शिकवलंय, मामा. मोजमापाचं शास्त्र शिकवणाऱ्यांनीच.

मामांना हे माहीत नव्हते, आणि त्यांना ते लागले. कारखान्यात त्यांनी स्वतः डबेवाल्यांची स्लाइड कितीदा तरी दाखवली असणार. पण माणूस सहजासहजी हार मानणारा नव्हे.

मामा : ठीक. प्रमाणपत्र नव्हतं. पण डबा पोचत होता की नाही? काम खरं होतं, शिक्का खोटा होता. मला त्यात फार दुःख नाही. दुःख उलट्याचं होतं.

भाची : उलट्याचंही उदाहरण आहे माझ्याकडं. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठाचं फॉक्स स्कूल ऑफ बिझनेस. त्यांचा ऑनलाइन एम.बी.ए. २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं ‘यू. एस. न्यूज’च्या यादीत पहिला. जानेवारी २०१८ मध्ये फुटलं, की आकडेच खोटे पाठवले होते. नव्यानं आलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी जीमॅट ही प्रवेश-परीक्षा दिली असं कळवलं होतं, प्रत्यक्षात दिली होती साधारण पाचव्या हिश्श्यानं. यादीवाल्यांचा नियमच असा, की ठरावीक प्रमाणाहून कमी मुलांनी जीमॅट दिली असेल तर गुण कापले जातात. म्हणून सगळ्यांनीच दिली असं लिहून टाकलं! तिथल्या अधिष्ठात्यांवर, मोशे पोरट यांच्यावर, खटला चालला, ते दोषी ठरले, आणि २०२२ मध्ये चौदा महिने तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलर दंड. मानांकनासाठी बिझनेस स्कूलचा डीन तुरुंगात!

मामा : शिक्षा झाली हे चांगलंच झालं. आमच्याकडं असं खोटं निघालं तर बदली होते.

मी म्हटले, मामा, बदलीही होत नाही, संचालकपद मिळते. यावर दोघेही हसले, तेवढीच माझी वर्गणी.

या वळणावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मामा ज्या पुरस्काराची बाजू घेत होते तिथे परीक्षक स्वतः जातो. भाची ज्यावर चिडली होती तिथे परीक्षक कागद पाहतो. दोघे वेगवेगळ्या वस्तूंबद्दल भांडत होते. पण बहुतेक पुरस्कार दुसऱ्या जातीचे असतात, हेही तितकेच खरे, आणि मामांच्या बोलण्यातून ते निसटत होते. परीक्षकाला पाठवायला पैसे लागतात. अमेरिकेच्या सरकारनेसुद्धा २०१२ पासून बाल्ड्रिजच्या कार्यक्रमाचा निधी थांबवला, आणि तो खासगी प्रतिष्ठानाच्या आधारावर चालू ठेवावा लागला. ज्या कारखान्यांसाठी तो मुळात सुरू झाला तेच पुढे फारसे अर्ज करीनासे झाले, रुग्णालये मात्र करत राहिली. निधीचे आणि अर्जांचे हे सगळे भाचीने मामांना ऐकवले.

मामा : अर्ज कमी झाले हे खरं. पण एक सांग, तुमच्या त्या पुरस्कारवाल्यांनी हळदीच्या अर्जावर काय उत्तर पाठवलं?

भाची : ‘आपण सहभागी झाल्याबद्दल आभार’ आणि एक ई-प्रमाणपत्र.

मामा : बाल्ड्रिजमध्ये हरलेल्यालाही अहवाल मिळायचा. कुठं बळकट आहात, कुठं कच्चे आहात, ओळ न् ओळ. बऱ्याच कंपन्या त्या अहवालासाठीच अर्ज करायच्या. बाहेरची जाणती माणसं तुमचं घर झडती घेतल्यासारखं बघणार, यापेक्षा स्वस्त सल्ला कुठं मिळतो? आणि टाटांच्या त्या जे.आर.डीं.च्या नावाच्या पुरस्काराला गुणांची पायरी ठरलेली. ती ओलांडली तर मिळणार, नाही तर नाही. टाटा स्टीलनं २००० साली ती पहिल्यांदा ओलांडली. दरवर्षी कुणालातरी द्यायचाच, म्हणून द्यायचा, असं नाही. हे दोन नियम तुमच्याकडं आणा : हरलेल्याला अहवाल द्या, आणि लायक नसेल त्या वर्षी ट्रॉफी कपाटात ठेवा.

भाची : कपाटात ठेवली तर समारंभाचा प्रायोजक पळून जाईल.

मामा : जाऊ दे की!

मामांचे हे दोन नियम मला सगळ्यात कामाचे वाटले, म्हणून त्यांवर भाचीने काय म्हटले ते सविस्तर देतो. ती म्हणाली, प्राध्यापकाच्या आयुष्यात खरा पुरस्कार समारंभाचा नसतोच, बढतीचा असतो. ऑस्ट्रेलियाच्या त्याच अधिष्ठाता परिषदेची संशोधनपत्रिकांची एक यादी आहे. त्यात पत्रिकांना ए-स्टार, ए, बी, सी अशा चार श्रेण्या आहेत. ती यादी त्यांनी आपल्या विद्यापीठांसाठी केली. भारतातल्या अनेक बिझनेस स्कूलांनी ती जशीच्या तशी उचलली आणि बढत्या, बक्षिसे तिला जोडली. ए-स्टारमध्ये छापले तर अमुक रक्कम, बीमध्ये छापले तर तमुक. हळदीच्या पट्ट्यांवर कुणी ए-स्टार पत्रिकेत छापणार आहे का? तिथल्या संपादकाला सांगलीचे यार्ड म्हणजे काय हे समजावण्यातच अर्धा निबंध संपेल. मग हुशार तरुण प्राध्यापक काय करतो? दहा देशांची आकडेवारी संगणकावर ओढतो आणि सांगलीत बसून शेअर बाजारांवर निबंध लिहितो. त्यात गैर काही नाही. पण यार्डात जाणारे शेवटी विद्यार्थीच उरतात.

मामांनी याला विरोध केला नाही. ते एवढेच म्हणाले, की यादी दुसऱ्याची आणि गाव आपले, असा हा कारभार झाला.

मग मी दोघांना ब्रिटनमधला एक प्रकार सांगितला, आणि त्यावर मात्र दोघांचे एकमत झाले. २०१३ मध्ये लॉर्ड यंग यांनी छोट्या उद्योगांवर ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. त्याच विचारातून बिझनेस स्कूलांसाठी ‘स्मॉल बिझनेस चार्टर’ नावाचा पुरस्कार निघाला. आसपासच्या लहान धंद्यांना तुमच्या स्कूलचा काय उपयोग झाला, ही त्याची मुख्य कसोटी, आणि तपासणाऱ्यांत प्राध्यापकांबरोबर उद्योजकही असतात. २०२१ मध्ये सरकारने छोट्या उद्योगांच्या चालकांसाठी बारा आठवड्यांचा ‘हेल्प टू ग्रो’ हा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम काढला, नव्वद टक्के खर्च सरकारचा. तो शिकवण्याचे काम दिले ते हे चार्टर असलेल्या स्कूलांना. म्हणजे पुरस्कार मिळाला की काम वाढते. कपाटात ठेवायला ट्रॉफी नाही, वर्गात बसवायला गावातला लेथवाला.

भाची : हे मला चालेल. सांगली-मिरजेच्या आसपास कितीतरी कारखानदार आहेत. इचलकरंजीचे यंत्रमागवाले, कुपवाडचे फाउंड्रीवाले. त्यांनी यावं आणि आमच्या विभागाला गुण द्यावेत.

मामा : ते शून्य देतील तुला पहिल्या वर्षी.

भाची : देऊ देत. कारण तरी सांगतील.

इथे केस लेखनाच्या पारितोषिकांचाही विषय निघाला. इंग्लंडमधल्या क्रॅनफील्डच्या ‘द केस सेंटर’ची बरीच पारितोषिके किती संस्था ती केस वर्गात वापरतात हे पाहून दिली जातात. हैदराबादच्या आयबीएसमधल्या केसलेखकांनी ती एकापेक्षा जास्त वेळा मिळवली आहेत. वापरणाऱ्यांनी मत दिले, अर्ज लिहिणाऱ्याने नाही, म्हणून भाचीला ते बरे वाटले. मामांनी खोडा घातला, की लोकप्रिय आणि उत्तम यांत फरक असतो, नाहीतर डबेवाल्यांचे सिक्स सिग्माही लोकप्रियच होते. बरोबर आहे, पण तोवर साडेनऊ वाजले होते आणि भाचीला सकाळची सांगलीची गाडी होती.

कुणाचे बरोबर? माझा कौल असा. आजच्या घडीला आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक पुरस्कारांबद्दल भाचीचे म्हणणे खरे आहे, आणि पुरस्कार कसा असावा याबद्दल मामांचे. ज्या पुरस्काराचा परीक्षक जागेवर गेला नाही आणि ज्याने हरलेल्याला कारण सांगितले नाही, तो शिक्षणातला पुरस्कार मानायला मी तयार नाही. विद्यापीठांनी असल्या समारंभांची फी भरणे थांबवावे. तो पैसा सरकारी विद्यापीठांत फीचा आणि करांचा असतो.

आणि आता एम.बी.ए.च्या कॅप राउंडला मुला-मुलींना बसवणाऱ्या आई-वडिलांना एक विनंती. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या मानांकनात भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला, तिने सरकारला कळवलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. किती मुले पास झाली, त्यातल्या किती जणांना नोकरी मिळाली, किती जण पुढे शिकायला गेले आणि मधला पगार, म्हणजे नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्यांना ज्याहून कमी मिळाला तो आकडा, हे सगळे त्यात असते. हा आकडा संस्थेनेच दिलेला असतो, तेव्हा तोही डोळे झाकून घेऊ नका. मागच्या वर्षी पास झालेल्या दोन मुलांचे फोन नंबर विभागाकडे मागा आणि त्यांच्याशी बोला. नंबर द्यायला जी संस्था टाळाटाळ करील, तिथे प्रवेश घेऊ नका.